बाईसाहेबांचं स्थळ

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमच्या दाजींनी ज्याचं कूळ काढलं नाही असं जनावर नव्हतं, आणि माणूसही नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार वडगाव निंबाळकर. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गावोगाव फिरून चांगल्या वाणाच्या वळूपासून गाई-म्हशी भरवणं हे त्यांचं काम. त्यामुळे लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणत, आणि कुठल्या गोठ्यातली कालवड कुठल्या वळूची हे त्यांना तोंडपाठ असे. निवृत्तीनंतर गोठे सुटले, पण सवय सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला ते शांतपणे विचारत, "तुमची आई लोणी भापकरची काय? कपाळ तिकडचं वाटतंय." पाहुणा हो म्हणाला की माझ्याकडे वळून म्हणत, "बघा गुरुजी, रगत लपत न्हाय." पाहुणा नाही म्हणाला तर म्हणत, "ह्यास्नी म्हाईत नसंल."

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र अंगणात येरझाऱ्या घालत. कुणाकडे गेले तर खुर्चीच्या कडेवर टेकत आणि घरमालक पाणी आणेपर्यंत त्याच्या गोठ्यात पोचलेले असत. फटफटीवर मागे बसलो की वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक बैलजोडीवर त्यांचा शेरा ऐकावा लागे, तोही मान पूर्ण मागे वळवून. समोरचा रस्ता मीच पाहायचा. आक्का म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. सप्तपदीतलं सातवं पाऊल टाकलं आन् आठवं मांडवाच्या भाईर."

या दाजींच्या मांजराची हकीकत मी आजवर बऱ्याच ठिकाणी हसत सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी अर्धीच सांगितली आहे. आता वय झालं. उरलेली अर्धी लिहायला बसतो आणि उठतो, असं महिनाभर चाललं आहे. आज ती लिहून संपवतो.

गावात नुकता पिवळा एसटीडी बूथ आला होता तेव्हाची गोष्ट. कारखान्यावरचे एक परप्रांतीय इंजिनिअर बदलून गेले आणि जाताना आपलं मांजर दाजींच्या हवाली करून गेले. जात तुर्की अंगोरा. अंगभर रेशमासारखे पांढरे केस, घारे निळे डोळे, आणि सोबत इंग्रजीत छापलेला चार पिढ्यांच्या वंशावळीचा शिक्क्यानिशी कागद. दाजी त्या कागदानंच विरघळले. "आमच्या वळूला दोन पिढ्यांचा कागद मिळंना," ते म्हणाले, "आन् ही बया खापरपणज्यापातुर घिऊन आलीया." कागदावर तिचं नाव तीन ओळींचं होतं. दाजींनी ते 'बाईसाहेब' एवढ्यावर आणलं आणि जुन्या सरकारी वहीत नोंद केली. रंग दुधाचा, स्वभाव अधिकाऱ्याचा. चार दिवसांनी त्यांना काही शंका आली. त्यांनी बाईसाहेबांच्या मागे उभं राहून परातीवर उलथनं हाणलं. आक्का घरातून धावत आली, शेजारचे दोघे धावत आले, बाईसाहेबांनी मान वळवली नाही. अशा पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत पुष्कळ बहिरी निघतात म्हणे. दाजींनी वहीत भर घातली, 'कान शोभेचे.'

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे बाईसाहेबांच्या ओरडण्याला माप नव्हतं. त्या माजावर आल्या की भर दुपारी आळीतली माणसं कामं टाकून दारात येत. समोरच्या पत्र्यावर तुटक्या कानाचा एक गावठी बोका ठाण मांडून बसे, आणि दाजी अंगणात छत्री घेऊन त्याच्यावर पहारा करत. "ह्याला आजा म्हाईत न्हाय," ते मला बोट दाखवून सांगत, "आन् ह्यो जावई व्हायला बघतोय." त्यांनी पुण्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, असल्या मांजराला त्याच जातीचा नर लागतो, त्यासाठी ब्रीडर, म्हणजे जातिवंत जनावरांची पैदास करणारा माणूस, शोधा. दाजींनी बारामतीच्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली, 'जातिवंत ब्रीडर पाहिजे. समक्ष भेटा.' मांजर हा शब्द घालायचा राहिला. आमच्या भागात ब्रीडर म्हटलं की माणसाला बियाणं आठवतं. तिसऱ्या दिवशी लोणी भापकरचा एक शेतकरी उसाच्या बेण्याची मोळी खांद्यावर घेऊन दारात उभा. दाजींनी अर्धा तास एकेक कांडं तपासलं, कोंबाचे डोळे मोजले आणि सांगितलं, "बेणं नामी हाय. पर आमाला बोका पायजे." तो माणूस मोळी तिथंच टाकून गेला.

त्याच वर्षी माझ्या भाचीसाठी, शैलासाठी, स्थळं पाहणं चालू होतं. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, शिकलेली मुलगी. आक्का चिडायची, "पोरगी चोविशीची झाली आन् तुमी मांजरीला नवरा हुडकताय." दाजी म्हणायचे, "दोगींलाबी हुडकतोय. एकाच फटफटीत व्हतंय की." ते खोटं नव्हतं. बारामतीच्या फोटो स्टुडिओत त्यांनी दोघींना एकाच दिवशी नेलं. एकाच निळ्या पडद्यापुढे शैलाचा उभा फोटो आणि बाईसाहेबांचा बैठा. शैला मला म्हणाली, "मामा, फोटोवाल्यानं मला दोनदा हसायला सांगितलं आणि तिला नऊ वेळा."

मग कळसचं स्थळ आलं. मुलगा हायस्कूलमध्ये शिक्षक, घरी बागाईत, माणसं चांगली. मी कळसच्या शाळेत काही वर्षं नोकरी केलेली, म्हणून ते मीच आणलं होतं. पाहण्याच्या दिवशी पोहे झाले, मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "मुलीनं जरा चालून दाखवावं." दाजी म्हणाले, "चालंल की. पर आदी मुलगा चालू द्या. पायात दोष नराकडनंच येतो." आक्कानं पदर तोंडावर धरला. पण मुलगा उठला आणि दारापर्यंत चालत जाऊन आला. दाजी म्हणाले, "चाल चांगली हाय." सगळे हसले, शैलाही हसली. इतक्यात बाहेरून कुणीतरी सांगत आलं की इंदापूरला एक पांढराशुभ्र बोका दिसलाय. दाजी पाहुण्यांना तसंच सोडून चौकशीला गेले. तरीसुद्धा जाताना मुलाचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, व्याही खुळा हाय, पर मानूस सोनं हाय. पोरगी पसंत. आठ दिसांत सुपारी फोडू." हे त्यांचे शब्द आहेत. मी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेलो होतो, म्हणून हे एकट्या मीच ऐकले. घरी येऊन मी फक्त 'पसंत आहे' एवढं सांगितलं.

तीनच दिवसांनी दाजी मला घेऊन इंदापूरला निघाले. वाटेत कळसला फटफटीला पेट्रोल हवं होतं. दाजी ते पाहायला गेले आणि मी हॉटेलात चहाला बसलो. चार-पाच जण ओळखीचे निघाले. "गुरुजी, कुणीकडं?" "स्थळ बघायला," मी म्हणालो. "भाचीचं व्हय?" आता मला गोष्ट सांगायचं व्यसन आहे, आणि शेवटचं वाक्य राखून ठेवायची खोड. मी म्हणालो, "ऐका तर. मुलगी गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, कुळी अशी की चार पिढ्यांचा कागद आहे. खोट एकच. ठार बहिरी. मागे परात वाजवा, मान वळवायची नाही. पण मुलाकडच्यांना आधी कशाला सांगा? एकदा घरात गेली की गेली." सगळे कान देऊन ऐकत होते. कुणी हसत नव्हतं, आणि तेच मला पाहिजे होतं. अजून एक घोट चहा घ्यायचा आणि मग सावकाश 'मांजर' म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात बाहेरून दाजींचा आवाज आला, "गुरुजी, चला की. नवरदेव निघून जाईल." बोक्याला ते नवरदेवच म्हणत. फटफटी चालू होती आणि दाजी थांबणारे नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. मी चहा टाकून पळालो. गोष्टीचं शेपूट राहून गेलं याची मला रुखरुख लागली, पण ती केवळ गोष्ट अर्धी राहिल्याची.

इंदापूरचा नवरदेव एका पिठाच्या गिरणीत होता. गिरणीवाले चाचा अदबशीर माणूस. त्यांनी आम्हाला खाट दिली आणि बोका पुढे ठेवला. खरोखर शुभ्र. दाजी आनंदानं कधी नव्हे ते खाटेवर नीट बसले, बोक्याला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. पिठाचा ढग उठला. ढग खाली बसल्यावर मांडीवर एक राखी पट्ट्यांचा गावठी बोका होता आणि दाजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "चाचा," दाजी म्हणाले, "ह्यो पांढरा न्हाय." चाचा म्हणाले, "साहेब, गिरणीत कोण काळं राहतंय? मीबी आंघोळ केल्यावरच सावळा दिसतो." दाजी इतके हसले की शिंका थांबेनात. परत येताना मान मागे वळवून म्हणाले, "गुरुजी, शैलाचं तरी झालं. आता हिचंबी व्हईल." मी म्हणालो, "पुढे बघा."

आठ दिवसांनी कळसचा निरोप आला, 'योग नाही.' कारण सांगितलं नाही. कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं. मुलाला जनावरासारखं चालवलं, पाहुणे बसलेले असताना बोक्यामागे गेला, असला बाप असल्यावर कोण मुलगी करील? नातेवाइकांनी तोंडावर सांगितलं. आक्का तर सांगतच राहिली. "पोरीचं स्थळ तुमच्या मांजरानं खाल्लं." मुलाचे वडील मला काय म्हणाले होते ते मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण मग निरोप का फिरला, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्या वेळी मलाही सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते शोधलंही नाही. शैला दाजींना म्हणाली, "आबा, जाऊ द्या." ते म्हणाले, "व्हय."

त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. त्या डॉक्टरांमार्फत बाईसाहेबांचा फोटो एका बाईंपर्यंत पोचला होता, आणि त्या बाई खरोखरच्या ब्रीडर होत्या. त्यांच्याकडे याच जातीचा, कागदासकट नर होता. मांजर काही दिवस आमच्याकडे ठेवा, पिल्लांतलं एक तुमचं, असं त्यांनी लिहिलं होतं. वर्षभर दोन तालुके पालथे घालून जे सापडलं नाही ते पोस्टानं घरी आलं होतं. दाजी बाईसाहेबांना झाकणाच्या टोपलीत घेऊन एसटीनं पुण्याला गेले. मीही गेलो होतो. त्यांनी बोक्याचा कागद मागितला नाही, त्याचे दात पाहिले नाहीत. आपला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कायमची ठिऊन घ्या. पिल्लू नको. घरात मुलगी हाय."

सात-आठ महिन्यांनी इंदापूरच्या बाजारात कळसचा एक जुना विद्यार्थी भेटला. पाया पडला आणि आपुलकीनं विचारलं, "गुरुजी, भाचीच्या कानाला काय गुण आला का? तुमी हॉटेलात बोलला व्हता. पोराकडची मंडळीबी त्येच म्हणली, मामाच सांगतोय तर खरंच आसणार." मी म्हणालो, "आहे आता बरं." एवढंच म्हणालो. बाजारात माणसं होती, आणि मला लाज वाटली. शैलाचं लग्न फलटणकडे नुकतंच ठरलं होतं. आता कशाला उकरायचं, अशी मी मनाची समजूत घातली. ती चांगली नांदली, शिक्षिका झाली. म्हणून माझी समजूत टिकली. फक्त दाजींच्या घरात 'स्थळ मांजरानं खाल्लं' हे वाक्य राहिलं. सणाला, पाहुण्यांत, भांडणात, कधी नुसत्या थट्टेत आक्का ते काढायची, दाजी उठून बाहेर जायचे, आणि मी तिथं बसून पुरणपोळी खायचो.

दाजी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात वडगावला गेलो तेव्हा ऐंशीच्या पुढची आक्का अंगणात लसूण सोलत होती. बोलता बोलता तिनं पुन्हा तेच काढलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. हॉटेल, बहिरी मुलगी, बाजारातला विद्यार्थी. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "मंजी त्यांनी काय केलं न्हवतं."

"नाही."

"मग मी येवढी वर्सं बोलत व्हते ते?"

मी खाली पाहिलं. लसणाची सालं वाऱ्यानं अंगणभर झाली होती. ती म्हणाली, "पुण्यास्नं रिकामी टोपली घिऊन आले त्या दिशी जेवंनात. मी म्हणलं, पोरीचं वाटुळं करून मांजरासाठी उपाशी ऱ्हाताय व्हय. तवा ताट वढून घेतलं आन् जेवले. मला वाटलं, बरं झालं मी बोलले."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "शैलाला मी सांगते," ती म्हणाली. "तू कळसला जा."

"आता तिथं कोण असणार, आक्का?"

"आसंल कुणीतरी. त्यास्नी सांग, आमची पोरगी बहिरी न्हवती, आन् तिच्या बापानं कायबी मोडलं न्हाय."

उद्या सकाळच्या एसटीनं निघतो आहे. त्या दिवशी हॉटेलात बसलेल्यांपैकी कोण उरलं असेल, ठाऊक नाही. जो भेटेल त्याला सांगेन, आणि या वेळी मांजराचं नाव आधी घेईन.