ब्रेडाबाईंच्या टेबलावरची हळद

रिंगास्किडीहून एनिसला निघालो तेव्हा गाडीत माझ्या शेजारी एक छोटं टेबल होतं, माझ्याच सुती साडीत गुंडाळलेलं. पुढे जावई आणि लेक मृणाल. मी मिरजेहून आले होते आयर्लंड बघायला, आणि पहिली सहल निघाली ती टेबलाच्या दुरुस्तीसाठी!

टेबल मृणालच्या भाड्याच्या घरातलं, घरमालकीण ब्रेडाबाईंचं. त्या शेजारच्याच घरात राहतात. त्यांच्या आईला ते लग्नात मिळालेलं. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या पातळ चकत्या कापून, एकमेकींत बसवून त्यावर नेच्याची पानं आणि एक पडका मठ काढलाय. किलार्नीकडची ही जुनी कला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मृणालने गौर मांडली ती नेमकी त्यावरच. जावईबापूंनी आरतीचं तापलेलं ताट तिथे टेकवलं, पॉलिश फुटलं. सांडलेली हळद मृणालने ओल्या फडक्याने पुसली आणि ती लाकडात मुरली. दोघंही इंजिनियर, बरं का!

"आई, ब्रेडाला काही बोलू नकोस हं, प्लीज," मृणाल म्हणाली. "तिच्या आईचं आहे ते. घर सोडा म्हणाली तर? इथे दुसरं घर मिळणं म्हणजे इम्पॉसिबल आहे."

मला हे मुळीच पटत नव्हतं. पण लेकीच्या संसारात आपण किती बोलायचं? तोंडावर बोट ठेवून बाहेरची हिरवी कुरणं बघत बसले. वाटेत गरम सूप आणि सोडा ब्रेड (खायचा सोडा घालून केलेला खरबरीत पाव) खाल्ला. बरा होता, पण ठेचा हवा होता.

एनिसच्या एका गल्लीत डेक्लन नावाच्या कारागिराचं दुकान. आत स्पिरिटचा वास, बरणीत तपकिरी पापुद्रे.

"अगं, ही तर लाख!" मी म्हणाले.

मृणालने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. "तुमच्याकडचीच," तो हसला. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे, हेच ते जुनं पॉलिश. पानांवरची सावलीही रंगाची नव्हे. चकतीची कड तापलेल्या वाळूत क्षणभर धरून करपवतात. आपल्याकडे वाळूत फुटाणे भाजतात, इथे पानं! मी खूश झाले.

मग त्याने डागावर बोट ठेवलं. "पॉलिश ग्रँड होईल. पण पिवळं आत गेलंय. खरवडलं तर पानच जाईल."

मृणालचे डोळे भरून आले.

"उन्हात ठेवा की," मी म्हणाले. "हळद उन्हाने उडते."

डेक्लनने खिडकीतून भरलेल्या आभाळाकडे पाहिलं. "ऊन? इथे?" आणि पोट धरून हसला. मग म्हणाला, "दक्षिणेकडे तोंड असलेली काचेची खोली आहे कुणाच्या घरी? तिथे थोडे दिवस ठेवून बघा. मग आणा पॉलिशला."

तशी खोली होती, ब्रेडाबाईंची.

संध्याकाळी मृणालने त्यांच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. बाईंनी साडी बाजूला केली, पिवळ्या पानावरून हात फिरवला.

"कोण कोण आलं होतं त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मराठी ग्रुपच्या बायका."

"मला गाणी ऐकू येत होती," त्या हळूच म्हणाल्या. "मी तर शेजारीच होते."

घर सोडण्याचं नावही निघालं नाही. टेबल काचेच्या खोलीत गेलं. ऊन येई तेव्हा आम्ही तिथे चहा घ्यायचो, नसेल तेव्हाही घ्यायचो. डाग फिका होत होत गेला, आणि डेक्लनने वर पॉलिश चढवलं.

निघायच्या दिवशी मी ब्रेडाबाईंना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. त्यांनी मला घट्ट मिठी मारली.

आता मिरजेत सगळे विचारतात, आयर्लंडमध्ये काय पाहिलं? मी त्या वाळूत करपवलेल्या पानांचं वर्णन करून सांगते. दुसरं मात्र सांगताना जीभ अडते. आमच्या आळीत हळदीकुंकवाला एक दार चुकलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात. माझ्या लेकीने बाईंच्याच घरात, बाईंच्याच टेबलावर गौर बसवली, मी तिथे हजर होते, आणि भिंतीपलीकडच्या बाईला हाक मारायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही.