उलटी फेरी

महामहम या देवळाच्या पवित्र तळ्याभोवती सकाळी सगळे प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतात. फक्त एक म्हातारा, रेल्वेतून निवृत्त झालेला, बगलेत छत्री धरून उलटा फिरतो. भेटला की बोटांवर मोजतो.

"राव, एका फेरीत तुम्ही मला दोनदा भेटता. तुमचा अण्णाही इथंच फिरतो, त्याला वर्षात एकदाही नाही?"

थोरल्या भावापासून अर्ध्या तळ्याचं अंतर मीच राखतो. आईचं शेवटचं आजारपण त्याला मी मुद्दाम उशिरा कळवलं.

"उद्या उलटे फिरा. भेट नक्की!"

आज उलटा फिरलो. अण्णा काही समोर येईना. पाण्यापलीकडे पाहिलं, तर तोही उलटाच चालला होता. म्हाताऱ्याने त्यालाही सांगितलं होतं!

मी जागीच थांबलो आणि मागे वळलो. अण्णा येत होता.