एसेरोमा आणि वीज खाणारी कचेरी

वातुकेई बेटावरच्या जिल्हा कचेरीत एसेरोमा आला तो सहा आठवड्यांसाठी, भिंती रंगवायला. त्या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली होती. रंग मधे दोनदा उडाला, दोनदा नवा लागला, पण एसेरोमा काही गावी परत गेला नाही. सुताराचा हात होता, कुलूप दुरुस्त करता येत होतं, छप्पर गळालं तर वर चढायची भीती नव्हती. हळूहळू कचेरीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या आणि त्याबरोबर कचेरी आपल्याच बापाची आहे असा एक समजही.

कचेरी होती शंभर वर्षांपूर्वीची. लाकडी, उंच, चारी बाजूंनी व्हरांडा. बेटाची वीज डिझेलवर, आणि डिझेल यायचं बोटीतून. म्हणून राजधानीहून पत्र आलं की जुन्या सरकारी इमारती फार वीज खातात. वर्षअखेरीपर्यंत वापर चौथ्या हिश्शाने कमी करा, नाहीतर कचेरी धक्क्याजवळच्या नव्या सिमेंटच्या इमारतीत हलवू. जिल्ह्याच्या अधिकारी लितिया मॅडम यांनी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. बाकीच्यांना नव्या इमारतीचं फारसं वाईट वाटलं नाही, तिथले संडास चांगले होते म्हणे. एसेरोमा मात्र त्या दिवशी जेवला नाही. म्हणजे घरी जेवला नाही. दुपारी अळूचे कंद आणि मासा नेहमीसारखाच चेपला होता, असं त्याची बायको अकानिसी पुढे सांगत असे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कचेरीत वीजबचतीचं राज्य सुरू केलं. प्रत्येक बटणाखाली हाताने लिहिलेली पाटी लागली. 'मी बंद करायला विसरलो तर देव विसरणार नाही' अशी एक पाटी संडासातही होती. कुणी खोलीतून दोन मिनिटं बाहेर गेलं की आत अंधार. एकदा लितिया मॅडम स्वतः आत बसलेल्या असताना त्याने दिवा मालवला आणि वर म्हणाला की मॅडम इतक्या शांत बसतात की कळतच नाही. सगळ्यात मोठा घाव बसला तो सुखदेईवर. सुखदेई दप्तराची कारकून, नोकरीत त्याच्याइतकीच जुनी. तिच्या टेबलावर चहाची विजेची किटली होती. एसेरोमाने ती जप्त करून कपाटात कुलूपबंद केली.

"भैया, एवढ्याशा किटलीने कचेरी बुडेल काय?" सुखदेईने विचारलं.

"छोट्या भोकानेच होडी बुडते, सुखदेई."

"मग होडीत बसणाऱ्याने तरी चहाशिवाय का मरावं?"

एसेरोमाने कपाटाची किल्ली कमरेला अडकवली. सुखदेई दोन महिने घरून थर्मास आणत राहिली आणि रोज त्याच्यासमोर पहिला घोट जरा जोरातच घेत राहिली.

दोन महिन्यांनी मीटर वाचलं. वापर घटला होता, पण इतका थोडा की मॅडमनी आकडा दोनदा तपासला. मग त्यांनी राजधानीहून वीजखात्याचा माणूस मागवला. बोटीतून उतरला तो सेकोवे, एसेरोमाच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. तिकडे आतेमामेभाऊ म्हणजे मेव्हणेच, आणि मेव्हण्याची टर उडवली नाही तर घरचे विचारतात, भांडण झालं का म्हणून.

सेकोवेने धक्क्यावरच सुरुवात केली. "मेव्हण्या, तुझ्या पाट्यांची कीर्ती राजधानीपर्यंत पोचली. म्हणतात, तू बायकोला पण संध्याकाळी बंद करून झोपतोस."

"तिचं बटण सापडलं असतं तर केलंच असतं," एसेरोमा म्हणाला. त्याला मनातून बरं वाटलं होतं. आता कुणीतरी जाणकार येऊन सांगेल की एवढी शिस्त अख्ख्या देशात दुसऱ्या कचेरीत नाही.

शनिवारी दुपारी कचेरी सुटली. सेकोवेने सगळे दिवे, पंखे, खोल्यांतले एसी, संगणक बंद करायला लावले. एसेरोमाने ते काम अभिमानाने केलं. मग दोघे मीटरसमोर उभे राहिले. मीटरची चकती फिरतच होती, आणि रमतगमत नव्हे, चांगली लगबगीने.

"अजून काय चालू आहे?" सेकोवेने विचारलं.

"काही नाही. म्हणजे दप्तरखान्यातला एसी तेवढा. तो कागदांसाठी. दमटपणाने कागद कुजतात, तो बंद करायचा नाही असा हुकूम आहे."

एका एसीला चकती एवढी पळत नाही, असं म्हणून सेकोवे चिमट्यासारखं मीटर वायरीला लावत भिंतीकडेने निघाला. एसेरोमा मागोमाग. सुरुवातीला तो प्रत्येक खोलीचा इतिहास सांगत होता. दप्तरखाना जवळ आला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. किल्ली सापडायला वेळ लागला. दार उघडलं. कपाटांच्या मागे, अकानिसीने विणलेल्या टेबलक्लॉथखाली, पेटीएवढा मोठा जुना डीप फ्रीझर घरघरत होता. झाकणाचं रबर एका बाजूने लोंबत होतं.

सेकोवेने झाकण उचललं. आत वरपर्यंत सुरमई.

एसेरोमा शनिवार-रविवार मासेमारीला जात असे. घरी वीज वारंवार जायची, कचेरीत नाही, म्हणून सात वर्षांपूर्वी फ्रीझर इथे आला होता. एसेरोमाने ते लपवलंही नव्हतं. सगळ्या कचेरीला माहीत होतं, कारण सगळ्या कचेरीचं सामान त्यात होतं. सुखदेईचं बकऱ्याचं मटण होतं. एका मोठ्या सुरमईवर लितिया मॅडमच्या नावाची चिठ्ठी होती.

"अरे, पण हा तर थंडच करतो ना?" एसेरोमा म्हणाला. तो खरंच तसं समजत होता. सात वर्षं त्याची समजूत होती की फ्रीझर खोलीलाही थोडा गारवा देतो आणि कागदांचं भलंच होतं.

सेकोवेने त्याचा हात धरून फ्रीझरच्या मागच्या बाजूला ठेवला. एसेरोमाने हात झटकन मागे घेतला. मागे भट्टी होती.

"हा खोली तापवतो, ती गार करायला एसी पळतो," सेकोवे म्हणाला. "दार बंद. दोघं सात वर्षं आत भांडतायत आणि तू बाहेर किटल्या पकडतोयस."

एसेरोमा तिथेच कागदांच्या गठ्ठ्यावर बसला. चोरी पकडली गेल्याचं त्याला वाटलं नाही, चोरी केल्याचं वाटलं. त्याला सुखदेईचा थर्मास आठवला. सेकोवेने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. मेव्हणा असूनही.

सोमवारी सकाळी सगळे जमल्यावर एसेरोमाने कपाट उघडलं, किटली पुसून सुखदेईच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं की वीज खाणारा मीच आहे, फ्रीझर मी नेतो, ज्याचा मासा त्याने न्यावा. खोलीत कुणी कुणाकडे पाहिना. लितिया मॅडमनी फायलीत डोकं घातलं. शेवटी सुखदेई म्हणाली, "मटण माझंही होतं, भैया. बसा. चहा घ्या." एसेरोमाने चहा घेतला. तो म्हणतो की चहा जरा कडू होता, पण मागून साखर घ्यायची त्याला हिंमत झाली नाही.

फ्रीझर गेल्यावर वापर बराच उतरला, तरी चौथा हिस्सा पुरा होईना. सेकोवे छपराकडे बोट दाखवून म्हणाला की उरलेली सगळी आग वरून येते. पूर्वी ही इमारत गार कशी राहायची, ते कुणाला ठाऊक आहे का?

ते ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता. एसी आले त्या वर्षी गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींच्या माथ्यावरचे झरोके बंद केले गेले, उंच छताखाली प्लायवूडचं दुसरं छत मारलं गेलं, तिरक्या लाकडी पट्ट्यांच्या बावीस खिडक्या खिळ्यांनी ठोकल्या गेल्या. ठोकणारा होता तरुण एसेरोमा. तेव्हा साहेबाने त्याची पाठ थोपटली होती.

"म्हणजे मेव्हण्या, हेही तूच?" सेकोवेने विचारलं.

"खिळा मारायला सांगितला, मारला."

"मग काढ आता. पूर्वी साहेबाने पाठ थोपटली, आता मी कंबर चोळून देईन."

त्या कामाला चार महिने लागले. प्लायवूड उतरवल्यावर वरून पक्ष्यांची घरटी, गांधीलमाशांची पोळी आणि त्याचाच तेव्हा हरवलेला रंधा खाली आला. खिडक्यांच्या निम्म्या पट्ट्या कुजल्या होत्या. त्या त्याने एकेक नव्याने तासल्या. ऊन परतवायला लाल छप्पर चर्चसारखं पांढरं केलं तेव्हा गावच्या पाद्रीबुवांनी येऊन विचारलं, इथे प्रार्थना कोणत्या वारी असते. ज्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या पहिल्यांदा उघडल्या, समुद्रावरचा वारा सरळ आत शिरला आणि सुखदेईच्या टेबलावरचे सगळे कागद व्हरांड्यात गेले. एसेरोमा किनाऱ्यावरून दोन पोती गोटे घेऊन आला, प्रत्येक टेबलावर चार-चार ठेवायला.

सात एसींपैकी एकच उरला, दप्तरखान्यातला. वर्षअखेरीस वापर जवळजवळ निम्म्यावर आला. कचेरी हलली नाही. लितिया मॅडमनी राजधानीला पाठवलेल्या अहवालात खिडक्यांचं वर्णन दोन पानं होतं. सुरमईचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाच्या, भांड्याभोवती सगळे बसले. सेकोवेने करवंटी एसेरोमाच्या हातात दिली आणि म्हणाला, "आमच्या खात्याला तुझ्यासारखी माणसं हवीत. आधी बिघडवतात, मग दुरुस्त करतात, आणि दोन्ही वेळा पाठ थोपटून घेतात." एसेरोमाने करवंटी रिकामी केली, रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली आणि म्हणाला, "बंद करताना मला वाटलं होतं, मी इमारतीला सांभाळतोय." त्यावर कुणी हसलं नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या बेटावरच्या जुन्या पोस्टासाठी खात्याने एसेरोमालाच बोलावलं. अठ्ठावन्न वर्षांचा हा बेटावरचा माणूस, मासेमारी करणारा, पण मोठ्या बोटीत बसला की त्याला हमखास उलटी होते. सेकोवे प्रवासभर बादली धरून शेजारी बसला होता आणि खलाशांना सांगत होता की हे आमच्या खात्याचे तज्ज्ञ. पोस्टाच्या खिडक्या एकतीस आहेत. त्यातल्या नऊ उघडून झाल्या.