सैनिकाच्या हातावरचं दही

सांगलीहून निघाले तेव्हा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आई दह्याचं भांडं घेऊन दारात ठाम उभी. 'हातावर दही घेतल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही.' मी चिडून दही चाटलं, हात ओढणीला पुसला. विमानतळापर्यंत ओढणीला आंबट वास येत होता आणि मी रडत होते. तुमच्यातल्या कितीजणींचं असंच झालं असेल.

आता इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये, दही दुकानातल्या डब्यातून येतं. बाबा गेल्यापासून आई तिकडे एकटी. 'इकडे ये गं' म्हणून मी तिच्या मागे लागते. तिचं ठरलेलं उत्तर: 'निघताना दही घालायला मागे कुणीतरी लागतं. मीच निघाले तर मागे कोण उरलं?' कपाळ माझं.

गेल्या महिन्यात इराला, माझ्या चौथीतल्या लेकीला, शाळेत एका स्पॅनिश सैनिकाचा प्रोजेक्ट मिळाला. स्पेनहून मेक्सिको, तिथून घोड्यावर नवी वाट शोधत आमच्या बे एरियापर्यंत आलेला. त्याच्या वेशात उभं राहून 'मी' म्हणत त्याचं आयुष्य सांगायचं. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीपुढे प्रॅक्टिस झाली. त्याने नकाशे काढले, इथल्या मूळ लोकांच्या जमिनी बळकावल्या आणि शेवटी इथेच मेला, घरी गेलाच नाही.

'मेल्याने लोकांची घरं घेतली,' आई म्हणाली. 'आणि त्याची आई गं?'

'आय डोन्ट नो, आजी. पुस्तकात ती नाहीचे.'

शाळेत मी मागे फोन धरून उभी होते. पुठ्ठ्याचं शिरस्त्राण घातलेली इरा इंग्रजीत ठणकावून म्हणाली, 'मी निघालो तेव्हा आईने माझ्या हातावर दही घातलं, मी परत यावं म्हणून. मी परत गेलोच नाही. ती वाट बघत राहिली.' टीचरने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. तिला समजावून सांगायला हवं होतं, पण मी फोन तसाच इरावर धरून ठेवला.

व्हिडिओ आईला पाठवला, 'तुझ्या नातीने इतिहासाची वाट लावली' असं लिहून.  बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला.

'तिकीट काढ. येण्याजाण्याचं काढ.'

'आणि निघताना दही?'

'माझं मी घेईन. तिकडून परतताना घालायला इरा आहे ना.'

इतकी वर्षं मला घर म्हटलं की सांगलीचं ते एकच दार दिसायचं. हल्ली मी रोज विरजण लावते. इथल्या थंडीत ते धड लागत नाही, पण आई यायच्या आत जमायला हवं.