शिंगांचा दोर

काकाच्या होडीसाठी नायलॉनचा दोर घेत होते. दुकानदाराने त्याचं टोक मेणबत्तीवर धरलं आणि त्या जळक्या वासाने मी वीसेक वर्षं मागे गेले.

आमच्या गावी, उत्तनला, मासळीच्या वाळवणात उधळलेला बैल घुसला होता. त्याने शेजारणीला शिंगांवर घेऊन फेकलं. बाबांनी शिंगांत फास टाकला आणि दोराचे वेढे बोंबील सुकवायच्या खांबाला मारले. घाईत त्यांचा अंगठा वेढ्यात अडकला. मागचे पाय धरायला दुसरा फास घेऊन काका उभा होता. घराच्या वाटणीपासून दोघा भावांत बोलणं नव्हतं.

"काका, टाक ना!" मी किंचाळले.

"अजून न्हाय!"

बैलाने हिसका दिला. खांबाला घासून नायलॉनचा दोर करपला, अंगठा तुटून वाळूत पडला. त्याच हिसक्याने बैल वळला, मागचे पाय उचलले गेले, आणि काकाने दोन्ही पाय फासात घेऊन त्याला आडवा केला.

काकाने सूड उगवला, असं सगळं गाव म्हणालं. मीसुद्धा. बाबा मात्र घरी रक्ताचं फडकं आवळत म्हणाले, "बैल वळायच्या आधी टाकला असता तर फास फुकट गेला असता. आणि मी पण."

काकाला हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.