जामखेडला जाऊन येताना

नगरहून निघालो तेव्हा मोटार इतकी खाली बसलेली होती की पायदानावर पाय न ठेवताच आत शिरता येई. लढाई संपून वर्ष होत आले होते. माझे मेहुणे भाऊसाहेब वकील यांनी कँपातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याची ठेंगणी मोटार पाहिली आणि आपलीही तशीच दिसावी, असा ध्यास घेतला. मग स्प्रिंगांचे दोन-दोन पाटे काढवून त्यांनी चांगली उंच गाडी बुटकी करून घेतली.

हे काम भिंगारच्या दावीद मिस्त्रीने केले. लढाईत तो लष्करी कारखान्यात होता. "साहेब, या रस्त्यांना हे बरं न्हाई," असे त्याने दोनदा सांगितले होते. ऐकले नाही तेव्हा मात्र त्याने काम मनापासून केले. गाडी ठेंगणी झाल्यावर पुढच्या चाकांचे तोंड बदलते म्हणून सबंध दुपार तो तिच्याखाली पडून होता. टायरांवर खडूच्या रेघा मारून, बांबूच्या काठीने चाकांमधले पुढचे आणि मागचे अंतर मोजत होता. चाके जोडणारा आडवा दांडा तो सूतभर फिरवी आणि पुन्हा मोजी. शेवटी चाकांत तीस पौंड हवा भरून त्याने मला बाजूला घेतले.

"गुरुजी, एवढं बघा. धक्के बसतील, पन हवा कमी करू देऊ नका. चाक मऊ पडलं की गाडीचं पोट दगडाला टेकंल."

मजुरी त्याने घेतली नव्हती. भाऊसाहेबांचे जामखेडच्या कोर्टात काम होते. परतताना त्याच्या आईला गाडीतून नगरच्या दवाखान्यात आणावे, एवढेच त्याचे मागणे होते. तिच्या पायाला बाभळीचा काटा लागून जखम चिघळली होती आणि सर्व्हिस मोटारीच्या गर्दीत तिला बसवत नव्हते. भाऊसाहेबांनी शब्द दिला. मला शाळेला सुट्टी होती. सोबत म्हणून मी निघालो.

चिचोंडीपर्यंतच भाऊसाहेबांचा जीव मेटाकुटीला आला. पाटे कमी, चाके कडक; प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात शिरत होता. एका विहिरीपाशी त्यांनी गाडी थांबवली.

"दाजी, जरा हवा सोडा बघू. हा मिस्त्री आपली हाडं मोडायला निघालाय."

"मिस्त्रीने सोडू नका म्हणून सांगितलंय."

"गाडी त्याची की माझी?"

मी खाली उतरलो. चारही चाकांपाशी उकिडवा बसून एकेकाची हवा सोडली. मापायला जवळ काही नव्हते. टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि भाऊसाहेब "पुरे" म्हणेपर्यंत सोडत राहिलो. पुढचा रस्ता खरोखरच सुखाचा वाटला, हे मी लपवत नाही.

कड्याच्या अलीकडे निजामाची हद्द लागली. करोडगिरी नाक्यावरच्या (जकात नाक्यावरच्या) शिपायाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "साहेब, ही मोटार खाली बसलीय का बसवलीय?" भाऊसाहेबांना हसू आले नाही.

आष्टीच्या पुढे एका कोरड्या ओढ्यात जे व्हायचे ते झाले. मऊ चाक खळग्यात दबले आणि गाडीखालून लोखंडावर घण बसावा तसा आवाज आला. वाकून पाहिले तर चाके जोडणारा तो दांडा दगडावर आपटून वाकला होता. दोन्ही चाकांची तोंडे आता दोन दिशांना होती. गाडी डावीकडे ओढू लागली आणि टायर रस्त्यावर खरवडत चालले. जळक्या रबराचा वास जामखेडपर्यंत आमच्या सोबतीला होता.

भाऊसाहेब कोर्टात गेले आणि मी मिस्त्रीचे घर शोधले. सगुणाबाई दारातच पाय लांब करून बसल्या होत्या. पाऊल सुजून तकतकीत झाले होते, अंगठ्याजवळ काळपट छटा होती.

"माझ्या दावीदनं धाडलं व्हय तुमाला? आदी जेवा, मंग पायाचं बघू."

त्यांच्या भावजयीने ज्वारीची भाकरी आणि माडगे (हुलग्याच्या पिठाचे पातळ कालवण) वाढले. चारी बाजूंनी करपलेल्या त्या मुलखात इतके चवदार काही मिळेल असे मला वाटले नव्हते.

दुपारी निघालो. सगुणाबाईंना मागच्या बाकावर आडवे केले. भाऊसाहेबांच्या अशिलाने ज्वारीचे पोते दिले होते. ते सगुणाबाईंच्या पायाशी ठेवले. भाराने मागची चाके मडगार्डला घासू लागली.

कडा ओलांडून थोडे गेलो आणि पुढचे डावे टायर फुटले. आतली कड झिजून आतले कापड दिसत होते. जादा चाक चढवले, तेही खरवडू लागले. भाऊसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसले.

"भार कमी केल्याशिवाय हे नगर गाठत नाही. दाजी, तुम्ही आणि बाई इथे उतरा. मागून सर्व्हिस मोटार येईलच."

"पोतं उतरवू या ना," मी म्हणालो.

"ते रस्त्यावर कुणाच्या भरवशावर ठेवू?"

यावर बोलण्यासारखे खूप होते. बायकोचा थोरला भाऊ, त्यांच्याच वशिल्याने लागलेली माझी शाळेतली नोकरी, हे सगळे त्या क्षणी आडवे आले. सगुणाबाईंना धरून मी उतरलो. गाडी डावीकडे ओढत, धुरळा उडवत निघून गेली.

सर्व्हिस मोटार आली ती टपापर्यंत भरलेली. थांबलीसुद्धा नाही. शेवटी कडब्याच्या एका गाडीवानाने आम्हांला चिचोंडीला आणले. रात्र तिथल्या चावडीत गेली. सगुणाबाईंना ताप भरला होता, तरी त्या मलाच विचारत होत्या, "गुरुजी, तुमी काय खाल्लं का न्हाई?" दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नगरच्या दवाखान्यात पोहोचलो. विष वर चढले होते. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय कापला. जीव वाचला.

दावीद व्हरांड्यात उभा होता. गाडी तो आधीच पाहून आला होता.

"गुरुजी, चाकात निम्मीसुदीक हवा न्हवती. कुनी काढली?"

"मी. भाऊसाहेबांनी सांगितलं म्हणून."

त्याने माझ्या हातांकडे पाहिले. "त्यांनी सांगितलं," तो म्हणाला, "पन मी बी तुमाला सांगितलंच हुतं." आणि आत आईकडे गेला.

भाऊसाहेबांनी गावभर सांगितले की मिस्त्रीने चाकांची लाईन बिघडवली, म्हणून टायर गेले. माझ्यासमोर, माझ्या घरी, जेवताना सांगितले. बायकोने माझ्याकडे पाहिले. मी ताटातला भात कालवत राहिलो. वकिलाचा शब्द, मोटारवाले दावीदकडे जायचे बंद झाले. चार महिन्यांत त्याने हत्यारे गुंडाळली आणि कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात नोकरी धरली.

मायलेक निघाले त्या दिवशी मी मोटार अड्ड्यावर गेलो. न जाणेच बरे झाले असते. सगुणाबाई कुबड्या मांडीवर घेऊन खिडकीत बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारून दाखवले, "ह्येच ते गुरुजी. मोटारवाल्यानं मला रस्त्यात टाकलं, तर ह्ये माज्यासंगं उतरले. देव तुमचं लई भलं करील, गुरुजी!"

दावीद टपावर सामान बांधत होता. त्याने आईला काहीच सांगितलेले नव्हते. दोर आवळता आवळता तो क्षणभर थांबला; मी काय बोलतो ते त्याला ऐकायचे होते.

लोक माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. मी हात जोडून म्हणालो, "त्यात काय एवढं, बाई."

दावीदने दोराची गाठ मारली आणि तो दुसऱ्या बाजूने खाली उतरला.