या सीटवर कोण बसलं होतं?

सकाळचे सात. रंकाळ्याच्या काठावर चहाची टपरी. आठ बायका, आठ सायकली, दोन बाकं. दोन्ही बाकं रिकामी.

टपरीवाला रोज म्हणायचा, "बसा की वैनी. बाकं काय इकायला ठेवलीत व्हय?"

आम्ही म्हणायचो, "नको, उभ्याच बऱ्या."

आधी त्यानं बाकं पुसायला सुरुवात केली. मग एक बाक डुगडुगत होतं, त्याला खिळे मारले. पुढच्या आठवड्यात दोन्ही बाकांना निळा रंग दिला. आम्ही तरी उभ्याच. शेवटी वैतागून म्हणाला, "काय लागतंय तेवढं तरी सांगा."

आठपैकी एकीनंही सांगितलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी पत्रकार, तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरते आहे.

सायकलच्या सीटचे किस्से असे साठतात. ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही तिचेच किस्से जास्त साठतात. गटारावर झाकण टाकलं की तुंबतं, तसंच. मी आता झाकण काढते आहे. ज्यांना वास सहन होणार नाही त्यांनी पान उलटावं.

* * *

आमच्या ग्रुपमधली सुनीता पाटील सगळ्यात आधी सायकलच्या मिस्त्रीकडे गेली. सुनीताचं माहेर पेठ वडगाव, सासरचं कापडाचं दुकान. ग्राहकाशी दोन तास बोलेल, पण मिस्त्रीसमोर तिला शब्द सापडेना. म्हणाली, "जरा कंबर दुखते."

मिस्त्रीनं हँडल वर केलं.

मग अपर्णा गेली. ती उचगावच्या शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "पाठ भरून येते." मिस्त्रीनं हँडलच बदललं.

मग मी गेले. सभागृहाबाहेर भल्याभल्यांना अडवून विचारलेलं आहे मी. तिथं उभी राहिले आणि म्हणाले, "जरा अवघडल्यासारखं होतं."

त्यानं चेनला तेल घातलं.

मिस्त्रीची बायको रेखा गल्ल्यावर बसलेली असते. तिघींना तिनं बघितलं होतं. तिसऱ्या वेळी तिनं मान वर केली. "मॅडम, कंबर न्हाई, पाठ न्हाई. सीट टोचतीया की न्हाई, एवढंच सांगा."

मिस्त्री म्हणाला, "तू मधी बोलू नगंस. मी वीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय."

रेखा म्हणाली, "बायकांच्या सायकलीवर बसून गारगोटीपतोर जाऊन या एकदा. मग मी गप बसते."

* * *

सुनीताच्या नवऱ्याला हे कळल्यावर तो लगेच सीटचं कव्हर घेऊन आला. चांगला माणूस आहे. पण त्याचा जन्म दुकानातल्या गादीवर गेलेला, त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर गादी हाच इलाज. कव्हर इतकं जाड होतं की त्यावर उशीचा अभ्रा बसला असता.

सुनीता त्यावर बसून वडगावला माहेरी गेली. परत टेम्पोनं आली. सायकल मागं, ती ड्रायव्हरशेजारी, आणि तीही अर्धी उभी.

नवरा म्हणाला, "अजून मऊ बघू का?"

इथं सांगून टाकते, कारण हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आपण ज्या दोन हाडांवर बसतो ती सीटवर नीट टेकायला हवीत. बायकांच्या त्या हाडांत बहुधा अंतर जास्त असतं, म्हणून सीट मागं रुंद लागते. फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधल्या नाजूक जागेवर सगळा दाब येतो. गल्लीत भाजी आणायला मऊ सीट चालते. तासभर चालवायची तर थोडी घट्ट हवी, मध्ये खाच असली तर उत्तम, आणि पुढचं टोक वर आलेलं नको.

आणि दुकानात आपण सीट कशी निवडतो? अंगठ्यानं दाबून. आंब्यासारखी. मी स्वतः अशा दोन घेतल्या. दुसऱ्या वेळी रेखानं विचारलं, "मॅडम, सायकलीवर काय अंगठा बसणार हाय?"

* * *

मापायचं कसं, तेही रेखानंच शोधून काढलं. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्यायचा, कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसून पाय जरा उचलायचे. उठलं की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्यामधलं अंतर मोजायचं, त्याहून थोडी रुंद सीट घ्यायची.

सुनीताकडे खोकी भरपूर. एका रविवारी दुपारी आम्ही तिच्या माजघरात दार लावून मापं घेत होतो. अपर्णा स्टुलावर, रेखा टेप घेऊन खाली वाकलेली. तेवढ्यात सुनीताच्या सासूबाई आत आल्या.

"काय गं, घरातले पाट संपले व्हय? पुठ्ठ्यावर काय बसलाय?"

सुनीता गोरीमोरी झाली. रेखानं सरळ सांगितलं, काय मोजतोय आणि कशासाठी. म्हातारी ऐकत राहिली. मग अपर्णाला म्हणाली, "ऊठ बघू."

त्या बसल्या. उठल्या. रेखानं मोजलं. आम्हा सगळ्यांत रुंद माप त्यांचं. सासूबाईंनी पुठ्ठा हातात घेतला.

"ह्यांच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून मी वडगावच्या बाजाराला जायची. नवीन लग्न झालंतं तवापासनं. सळ्या लई लागायच्या."

सुनीता म्हणाली, "मग सांगायचं की आई, मामांना."

"आज इचारलं म्हणून सांगितलं."

* * *

इथपर्यंत हसण्यावारी न्या. पुढचं नेता येणार नाही.

अपर्णाच्या शाळेत मुलींना सायकली मिळाल्या. लांबून येणाऱ्या मुलींना एका सरकारी कार्यालयामार्फत, फुकट. त्यातली एक वैष्णवी. दहावीत, मळ्यातल्या वस्तीवर राहणारी, गणितात पहिली. तिला अकरावीला कोल्हापुरात सायन्सला जायचं आहे. वस्तीपर्यंत एसटी येत नाही. बापाचं म्हणणं साधं होतं, "सायकलीनं जाणार असशील तर जा. रोज सोडाय-आणाय मला जमायचं न्हाई." म्हणजे सायकल चालली तर कॉलेज, नाहीतर दहावीनंतर घर.

दर सोमवारी शाळेत त्या सायकली मोजल्या जात. 'लाभार्थी सायकल वापरतात' असा तक्ता वर पाठवायचा असतो. सोमवारी स्टँड भरलेला असे. तक्ता पूर्ण, वर सगळे खूष.

एका सोमवारी अपर्णाची स्कूटर वाटेत बंद पडली. ती ढकलत असताना मागून मुली आल्या. दहा-बाराजणी, एका ओळीत, प्रत्येकीच्या हातात सायकल. सगळ्या चालत होत्या.

अपर्णानं विचारलं, "पंक्चर झाल्यात काय गं सगळ्या?"

वैष्णवी म्हणाली, "न्हाई बाई. आज सोमवार हाय."

मंगळवार ते शनिवार त्या मोकळ्या हातानं चालत. सोमवारी सायकलीला घेऊन चालत.

* * *

अपर्णानं मला फोन केला, मी रेखाला घेऊन गेले. एक सायकल हातात घेतली. सीट अरुंद, कडक, पुढचं टोक वर. खाली-वर करायचा नट गंजून बसलेला. उंच मुलगी असो की बुटकी, एकच उंची.

रेखानं मुलींना वर्गात घेतलं, दार लावलं. आम्ही बाहेर. आधी खुसखुस, मग मोठ्यानं हसणं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, तेव्हा हसत नव्हती.

"एकीनं आईला सांगितलंतं. आई म्हणाली, सवय हुईल."

वैष्णवीच्या सायकलीला रेखानं मापाची सीट बसवली, टोक सरळ केलं, गंजलेला नट कापून नवा घातला. मुलीनं मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि फाटकातून बाहेर गेली. अपर्णा घाबरून स्कूटर काढून मागं गेली. वैष्णवी थेट घरी गेली होती. बाप गोठ्यात होता. त्याच्यासमोर सायकलीवरून न उतरता, एक पाय टेकवून म्हणाली, "आता?"

तो म्हणाला, "जा की मग."

एक सुटली. वैष्णवीची धाकटी बहीण आठवीत आहे. यंदाच्या यादीत तिचं नाव आहे, आणि यंदा येणाऱ्या सायकली त्याच आहेत, तीच सीट.

* * *

मी त्या कार्यालयात गेले. साहेब हसतमुख.

"मुलींना सीट टोचते," मी म्हणाले. झाकण काढायचं ठरवल्यापासून मी 'अवघडल्यासारखं' म्हणत नाही.

साहेब छताकडे बघत म्हणाले, "तक्त्यानुसार सायकली वापरात आहेत, मॅडम."

"सोमवारी असतात. सीट कोणी निवडली?"

"समितीनं."

"समितीत बाई होती?"

"रीतसर महिला चाचणी झालेली आहे. फाईलला आहे." त्यांनी फाईल माझ्यापुढं सरकवली. छापील तक्ता होता. महिला चालकाकडून चाचणी: घेतली. अंतर: दहा किलोमीटर. आसन: आरामदायक. खाली बाईचं नाव आणि सही. यंदाच्या खरेदीलाही हाच तक्ता जोडलेला.

"या बाई कुठं भेटतील?"

साहेबांनी उत्तर द्यायच्या आत चहा आला. चहा आणणाऱ्या शिपाईबाई तक्ता बघून म्हणाल्या, "ही माझीच सही हाय की."

साहेबांना तेवढ्यात फोन आठवला. मी मावशींबरोबर व्हरांड्यात गेले.

"मावशी, तुम्ही चालवली ही सायकल?"

"मला कुठली येतीया सायकल?"

"मग?"

"हिथंच हॉलमधी स्टँडवर लावलीती. दोघांनी धरली, मला म्हणाले बसा मावशी. बसले. फोटू काढला. मग त्यातल्या एकानं इचारलं, कसं वाटतंय?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हटलं, उतरू का?"

फाईलमधल्या तक्त्यावर अंतर दहा किलोमीटर लिहिलं आहे. ते कोणी चालवलं, हे मी समितीच्या प्रत्येकाला लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.